वाळूवरची साय

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे मृतांच्या स्मरणाचा दिवस येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी देवळामागच्या दफनभूमीत बादल्या, केरसुण्या आणि नारळाच्या काथ्या घेऊन सगळा गाव लोटतो. पावसाळ्यात क्रुसांवर शेवाळ चढलेलं असतं. ते खरवडून, घासून, वर चुन्याचा हात देऊन जो तो आपापल्या माणसाची कबर पांढरीशुभ्र करतो. माझ्या भावाचा क्रूस तेवढा हिरवा राहतो. मी तिथे फुलं ठेवते, मेणबत्ती लावते, आणि शेवाळाला हात लावत नाही.

पहिल्या वर्षी शेजारच्या कबरीवर वाकलेल्या एका बाईनं मान वर करून विचारलं होतं, "मास्तरीण, भावाची कबर घासायला हात दुखतात का गो?"

"दुखत नाहीत," मी म्हटलं. "त्याला घासलेलं आवडत नाही."

तिनं कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली आणि पुन्हा घासायला लागली. दुःखानं माझं डोकं फिरलं असं तिला वाटलं असावं. तिला तेव्हा जे सांगता आलं नाही, ते मी आता लिहिते आहे. लिहायला बरीच वर्षं लागली. आजही रोज चार-पाच ओळींच्या पुढे हात जात नाही.

भुईगावात आमची वाडी समुद्राच्या इतकी जवळ होती की वारा पडला की लाटा मोजता येत. विहिरीचं पाणी पावसाळ्यानंतर गोड असे. उपासाचे चाळीस दिवस निम्मे सरले की ते मचूळ होऊ लागे, आणि पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणापर्यंत त्यात डाळ शिजेनाशी होई. मग प्यायला उरे ते बावखलाचं पाणी. बावखल म्हणजे वाडी शिंपण्यासाठी पूर्वजांनी खणून ठेवलेलं तळं. पाणी गोडं, पण हिरवं. त्यात म्हशी बसत, केळीची पानं कुजत, बेडकं अंडी घालत. आम्ही ते लुगड्याच्या चार पदरी फडक्यातून गाळून पीत होतो. उन्हाळ्यात आळीत कुणाला तरी ताप येई, कुणाचं तरी पोट सुटे. उन्हाळा म्हटलं की हे व्हायचंच, असं सगळे धरून चालत.

माझा मोठा भाऊ, दादा, चौथी झाल्यावर मुंबईला गेला होता. तिथे शहराचं पाणी गाळण्याच्या जागी तो मजूर होता. बाबा वारले तेव्हा तो वाडी बघायला परत आला. ही स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी तोवर सातवीची फायनल पास होऊन गावच्या शाळेत शिकवू लागले होते. घरात पुस्तकांची एक पेटी होती, ती माझी. दादाची एकच वस्तू मुंबईहून आली होती: रुंद पात्याचं, बोथट धारेचं एक लाकडी खुरपं. आईनं विचारलं, "ह्यानं काय खुरपतोस? गवत तरी निघेल का?"

"ह्यानं पान्यावरची साय काढतात, आय," तो म्हणाला.

आई आणि मी दोघी हसलो.

पण तो खरंच बोलत होता. मुंबईला वाळूचे मोठमोठे वाफे असतात, त्यांवर पाणी सोडतात, ते वाळूतून झिरपत खाली जातं आणि स्वच्छ होतं. नवी वाळू नुसतीच पाणी गाळते. पंधरा-वीस दिवस पाणी उभं राहिलं की वाळूच्या माथ्यावर एक पातळ, बुळबुळीत पापुद्रा धरतो, आणि मग पाणी खरं शुद्ध होऊ लागतं. त्यांचा म्हातारा मुकादम त्या पापुद्र्याला साय म्हणे. ती फार जाड झाली, पाणी उतरेनासं झालं, तरच त्या लाकडी खुरप्यानं वरचा नखभर थर उचलायचा. आणि त्यानंतर साय पुन्हा धरेपर्यंत त्या वाफ्याचं पाणी शहराला द्यायचं नाही. दादानं नऊ वर्षं हेच काम केलं होतं.

बावखलाच्या काठावर, आमची वाडी गल्लीला मिळते त्या कोपऱ्यात, त्यानं विटांची एक टाकी बांधली. तळाला विटांचे तुकडे, त्यावर गोटे, त्यावर खडी, आणि वर कमरेएवढी वाळू. समुद्राची वाळू चालत नाही म्हणून वैतरणेच्या काठावरून बैलगाडीनं आणली. ती त्यानं तांदळासारखी धुतली. आळीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. शेजारची म्हातारी, जिला सगळी आळी मावशी म्हणायची, ती म्हणाली, "अरे, धुऊन झाली असंल तर चूल पेटव. भात टाकू."

टाकीच्या मधोमध दादानं एक कौल पालथं ठेवलं होतं. हंडा त्यावर ओतायचा, म्हणजे वाळू उखणली जात नाही. प्रत्येक घरानं रोज पाळीनं दोन हंडे ओतायचे. वाळू कधी उघडी पडू द्यायची नाही, तिच्यावर वीतभर पाणी उभं हवंच. गाळलेलं पाणी खाली एका छोट्या झाकलेल्या टाकीत साठे; तिला पितळी नळ होता. त्यातून प्यायचं पाणी न्यायचं.

पहिले वीस दिवस त्यानं कुणाला नळाला हात लावू दिला नाही. नंतर एका सकाळी त्यानं मला बोलावलं. "बाय, हात घाल."

मी पाण्यातून बोट खाली नेलं. वाळूला बोट टेकलं तेव्हा ती वाळू वाटेना. ओल्या जिभेसारखं काहीतरी होतं. मी हात मागे घेतला.

"शी! शेवाळ आहे हे."

"शेवाळ हाय, आनि अजून बरंच हाय. डोळ्यांना दिसत नाय असलं. ते वाळूच्या कणाला चिकटतं, आनि एकदा चिकटलं की सोडत नाय. घर करतं तिथंच. वरून जे काय वाईट येईल ते पकडतं. राखनदार बसवलेत मी."

मी शाळेत शिकवणारी. चौथी शिकलेल्या माणसाचे राखणदार ऐकून मला गंमत वाटली, इतकंच.

दोन उन्हाळे आळीनं ते पाणी प्यायलं. त्या दोन उन्हाळ्यांत आमच्या आळीत ताप आला नाही. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. न आलेला ताप कोण लक्षात ठेवतो?

याच काळात आमच्या शाळेला एक फिल्टर मिळाला. दोन मजली चिनी मातीचं भांडं आणि आत चिनी मातीचीच एक पांढरी, पोकळ कांडी. तिला मेणबत्ती म्हणत. मुलांना त्याचं फार हसू यायचं; "बाई, आज मेणबत्ती पेटवू का?" हे रोज कुणीतरी विचारायचंच. पाणी त्या कांडीच्या अंगातून पाझरून खाली पडे. तिची देखभाल माझ्याकडे होती. सोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं की कांडीवर बुळबुळीत थर धरतो, तो दर आठवड्याला ब्रशानं घासून काढावा आणि कांडी उकळावी. नाहीतर भोकं बुजतात आणि पाण्याला वास येतो. मी एकदा सुट्टीत घासायला विसरले, तर खरोखरच पाणी थेंब थेंब पडू लागलं आणि कांडीला कुबट वास सुटला. तेव्हापासून एकही शनिवार मी चुकवला नाही. मुलांकडून आरोग्याच्या धड्यातलं वाक्य पाठ करून घेताना मी ती कांडी हातात धरून दाखवत असे: बुळबुळीत थर म्हणजे रोगाचं घर.

मी दादाला एकदा म्हटलंही, "तुझी साय आमच्या मेणबत्तीवर चढते. कागदात घासून काढायला सांगितलंय."

तो खुरपं पुसत होता. "मेनबत्तीची भिंत केवढी? बोटाएवढी. तिच्यावर साय चढली तर वाट बंद, आनि आत शिरली तर पलीकडं पान्यात उतरेल. माझी वाळू कमरेएवढी हाय, बाय. तिथं तिला राहायला जागा हाय. सारखीच साय, पन जागा वेगळी."

मला ते पटलं नाही. एकच थर एका ठिकाणी वाईट आणि दुसऱ्या ठिकाणी चांगला, असं माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

तिसऱ्या वर्षीचा पास्काचा सण. पवित्र आठवड्यात आमच्याकडे घर धुणं, सारवणं, चुना लावणं यांना ऊत येतो. पाहुणे यायचे असतात. दादा केळीचे घड आणि पानं घेऊन दोन दिवसांसाठी मुंबईच्या बाजारात गेला होता. बुधवारी दुपारी मावशी सहा-सात बायकांना घेऊन टाकीपाशी उभी. टाकीची बाहेरची बाजू चुन्यानं पांढरी झाली होती. तिनं पाण्यात हात घातला, बाहेर काढला आणि बोटांवरचा हिरवट चिकटा सगळ्यांना दाखवला.

"ह्यातलं पानी आपन पावन्यांना देनार? सनाचं?" मग तिनं मला हाक मारली. "बाई, तू शिकलेली. सांग, हे ठेवायचं की काढायचं?"

मी शाळेतून नुकतीच आले होते. मला विचारलं याचा मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. तोवर टाकीच्या बाबतीत सगळे दादालाच विचारायचे.

"काढा," मी म्हटलं. "बुळबुळीत थर म्हणजे रोगाचं घर."

त्यांनी पाणी उपसलं. वरची हातभर वाळू घमेल्यांत काढली आणि बावखलाच्या पायरीवर बसून, दादानं धुतली होती तशीच, तांदळासारखी धुतली. कुणीतरी राख घेतली, कुणी भिंती काथ्यानं घासल्या. मीसुद्धा पदर खोचून घासत होते. गाणी चालली होती. संध्याकाळी वाळू परत भरली तेव्हा ती इतकी स्वच्छ दिसत होती की मावशी म्हणाली, "आता हिच्यात आरशासारखं बघावं."

दादा शुक्रवारी आला. त्यानं टाकीत पाहिलं. ओरडेल असं मला वाटलं होतं. तो नुसताच कठड्यावर बसला आणि म्हणाला, "कुनी सांगितलं?"

"मी."

तो उठून घरोघर गेला. प्रत्येक दारात तेच: वीस दिवस पाणी उकळून प्या, साय धरेपर्यंत. घराघरातून तेच उत्तर आलं. सणाला लाकडं कुठून आणायची? आधीच पाहुण्यांचा स्वयंपाक. आणि आम्ही एवढी घासली ती काय घाण केली? एकीनं विचारलं, "घान होती तेव्हा उकळायला नाय सांगितलं, आता स्वच्छ झाली तर सांगतोस?" दादाकडे याचं उत्तर होतं, पण ते दारात उभं राहून देण्याइतकं लहान नव्हतं.

सणाच्या दिवशी देवळात मिस्सा झाल्यावर आमच्या अंगणात आळी जमली. मावशीनं काचेचे पेले आणले होते. नळाचं पाणी त्यांत चमकत होतं. मावशीला ते सगळ्यांसमोर दादाला दाखवायचं होतं. तिनं पेला माझ्या हातात दिला. "दे गो भावाला. तुझ्या हातानं दे."

मी दिला. दादानं पेला घेतला, उजेडात धरला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला नको म्हणता आलं असतं. मग सगळी आळी मला हसली असती, पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेल्या मला. तो पाणी प्यायला. पेला परत देताना म्हणाला, "गोड हाय."

दहा-बारा दिवसांनी आळीतल्या काही जणांना ताप आला. बाकीचे हळूहळू उठले. दादाचा ताप उतरला नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी विषमज्वर म्हटलं. औषधाच्या बाटल्या आल्या, कागदाच्या कातरलेल्या पट्टीनं डोस दाखवणाऱ्या. तिसऱ्या आठवड्यात तो शुद्धीत असताना मला म्हणाला, "वाळू उघडी पडू देऊ नकोस." त्या रविवारी तो गेला.

पाण्याची तपासणी कुणी केली नाही. ताप त्या पेल्यातूनच आला असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण मला जे माहीत आहे ते आहे.

दफनानंतर फादर घरी आले. चांगले गृहस्थ होते. आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाची इच्छा." मी कोपऱ्यात बसले होते. आयुष्यात मी फादरांसमोर मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "फादर, वाळू देवानं घासली नव्हती." आई रडायची थांबली. फादरांनी जाताना माझ्याकडे बघून मान हलवली, एवढंच. मला समजूत नको होती. क्षमाही नको होती. ती मिळाली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती.

गावानं मात्र आपला निकाल लावून टाकला. टाकीतल्या शेवाळानं भावाला मारलं. दोन वर्षं शेवाळ पोसलं, ते घासताना सुटलं, पाण्यात मिसळलं, आणि ज्यानं पोसलं त्यालाच भोवलं. बोलणाऱ्यांना यात एक प्रकारचा न्यायही दिसत होता. ताप आल्यापासून टाकीत कुणी हंडा ओतला नव्हता, वाळू कोरडी पडली होती. आळीत ज्यांचा शब्द चालायचा ते मोठेबाबा म्हणाले, टाकी मातीनं बुजवायची.

आठवड्यानं सकाळी मातीची बैलगाडी गल्लीत आली. मोठेबाबा, दोन गडी, घमेली. मी काळ्या लुगड्यात टाकीच्या कठड्यावर जाऊन बसले.

"ऊठ, बाय," मोठेबाबा म्हणाले. "ह्या टाकीनं तुझा भाऊ खाल्ला."

"टाकीनं नाही, मोठेबाबा. मी सांगितलं घासायला. साय काढली ती माझ्या सांगण्यावरून."

"तू लहान. तुला काय माहीत. ऊठ."

"दोन उन्हाळे ती साय टाकीत होती. त्या दोन उन्हाळ्यांत ताप कुणाला आला? एक नाव सांगा. उठते."

गडी एकमेकांकडे बघू लागले. मग मोठेबाबा म्हणाले, "शेवाळ लगेच मारत नसतं. साठत जातं."

"साठलेलं आम्ही सगळं धुऊन टाकलं होतं. वाळूत आरशासारखं दिसत होतं. आणि ताप त्यानंतर आला."

"तू शिकलेली. तुझ्याशी कोन बोलनार?"

"शिकलेली होते म्हणूनच घासली. न शिकलेल्याचं ऐकलं असतं तर तो आज इथे उभा असता."

माझा आवाज चिरका झाला होता. आळी दारादारांत येऊन उभी राहिली होती. कठडा मी दोन्ही हातांनी धरला होता, आणि मला उचलल्याशिवाय त्यांना माती टाकता येणार नव्हती.

तेवढ्यात मावशी डोक्यावर हंडा घेऊन गल्लीतून आली. दादा गेल्यापासून ती आमच्या दारावरून मान खाली घालून जायची. ती टाकीपाशी थांबली. मोठेबाबांकडे न बघताच म्हणाली, "घासली मी. हिनं तोंड हलवलं, हात माझे होते." मग हंडा उचलून त्या पालथ्या कौलावर सावकाश ओतला. वाळूवर पाणी पसरलं. "आज माझी पाळी होती," ती म्हणाली, आणि गाडीवानाकडे वळून, "बैल उन्हात कशाला ठेवलेस मेल्या? त्यांना पानी दाखव."

मोठेबाबांनी एक महिना दिला. महिन्यानं बुजवणार, असं बजावून गेले.

तो महिना मी कसा काढला हे नीट सांगता येणार नाही. रोज सकाळी शाळेआधी दोन हंडे माझे, संध्याकाळी दोन मावशीचे. आई घरात पाणी उकळायची. टाकीवर मी माडाचा झाप घातला होता, ऊन कमी लागावं म्हणून. रोज बोट घालून पाहायचा मोह होई आणि मी हात मागे घेई. दादा म्हणे, साय धरताना दूध ढवळतं का कुणी? चौदाव्या दिवशी वाळूचा रंग थोडा मळल्यासारखा वाटला. विसाव्या दिवशी मी बोट टेकवलं. ओल्या जिभेसारखं. मी तिथेच बसून रडले. दफनाच्या दिवशी मला रडू आलं नव्हतं.

पण आळीला कसं पटवायचं? दादाची एक परीक्षा मला आठवत होती. मुंबईला मुकादम दोन बाटल्या भरून ठेवायचा, एक कच्च्या पाण्याची, एक गाळलेल्या. मी दादाच्या औषधाच्या दोन बाटल्या उकळून घेतल्या, एकीत बावखलाचं पाणी भरलं, दुसरीत नळाचं, बुचं घट्ट लावली आणि खिडकीत ठेवल्या. डोसांच्या पट्ट्या तशाच राहू दिल्या. आठ दिवसांत बावखलाच्या बाटलीला आतून चिकटा धरला, काचेवर हिरव्या तारा लोंबू लागल्या. दुसरी जशीच्या तशी होती.

महिना भरला त्या दिवशी मोठेबाबा आले. गाडीही आली. मी दोन्ही बाटल्या कठड्यावर ठेवल्या आणि बुचं काढून मावशीला म्हटलं, वास घे. मावशीच्या नाकाबद्दल आळीत दुमत नव्हतं. पाचूबंदरची कोळीण टोपली न उघडता दारात उभी राहिली, तरी आतला बोंबील आजचा की कालचा हे मावशी घरातून सांगायची.

तिनं पहिली बाटली नाकाशी नेली आणि लांब केली. "बावखल. म्हैस बसलेली." दुसरी घेतली. पुन्हा घेतली. डोळे मिटून घेतली. "ह्यात कायच नाय."

"कायच नाय म्हंजे?" मोठेबाबांनी विचारलं.

"म्हंजे कायच नाय. तुमच्या डोक्यात हाय तेवढंच."

गाडीवान हसला आणि मग खोकल्याचं नाटक करू लागला. मोठेबाबांनी बाटली स्वतः हुंगली. पटलं असं ते म्हणाले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि मरेपर्यंतही नाही. गाडीतली माती आमच्या केळींच्या बुंध्यांना टाकायला सांगून ते निघून गेले. माती चांगली होती. त्या वर्षी घड मोठे आले.

पुढे जिल्ह्याच्या गावी शिक्षकांच्या एका वर्गाला गेले असताना तिथल्या कपाटात मला आरोग्यशास्त्राचं एक जाड पुस्तक सापडलं. वाळूच्या गाळणीवर एक पान होतं. सूक्ष्म जंतू कणांना चिकटतात, चिकट द्रव सोडून थर बांधतात, आणि तो थर पाण्यातले घातक जंतू अडवतो. बारीक छिद्रांच्या गाळणीवर मात्र असाच थर चढला तर ती निकामी होते. एकाच पानावर दोन्ही. मी ते पान तीनदा वाचलं. दादाचं एकही वाक्य त्यात चुकलेलं नव्हतं. मला पुस्तकाचा राग आला, इतक्या उशिरा भेटल्याबद्दल. आणि मग लक्षात आलं की त्याआधी ते मला आमच्याच अंगणात, लाकडी खुरपं पुसत, कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

दादा गेला त्याच्या पुढच्या वर्षी उपासाच्या दिवसांत नळाची धार बारीक झाली. साय जाड झाली होती. आता ती काढायलाच हवी होती, आणि ते माझ्याशिवाय कुणी करणार नव्हतं. मी दादाचं खुरपं काढलं. खुरपण्यापुरतं पाणी वाळूच्या माथ्याखाली बोटभर जाईपर्यंत उतरू दिलं, गुडघ्यावर बसले आणि पातं आडवं धरलं. नखभर थर, त्याहून खाली नाही. मागच्या वर्षी याच वाळूत मी कोपरापर्यंत हात घातले होते. थर गालिच्यासारखा उलटत आला. मावशीनं माझं मनगट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग मी घरोघर गेले, दादा गेला होता त्याच क्रमानं. त्याच दारांत उभी राहिले. "साय काढली आहे. पुन्हा धरेपर्यंत पाणी उकळून प्या." पुढचं भांडण मी मनात तयार करून नेलं होतं. लाकडांचं उत्तर, पाहुण्यांचं उत्तर, घाण केली का याचं उत्तर. एकाही दारात ते लागलं नाही. "बरं," म्हणाल्या. ज्या बाईनं त्याला उलट विचारून परत पाठवलं होतं ती म्हणाली, "मोठं भांडं मागं पडलंय, काढते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टाकीपाशी पाणी ओतायला गेले. आळीतल्या प्रत्येक छपरातून धूर निघत होता. एवढ्या लवकर कुणी स्वयंपाक करत नाही. पाणी उकळत होतं, घराघरात, एक वर्ष उशिरा. मी हंडा कौलावर ओतला आणि मोठ्यानं म्हटलं, "बघ, दादा." ऐकायला कुणी नव्हतं. राग अजिबात कमी झाला नाही. अजूनही झालेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. मी दुसरा हंडा भरायला बावखलाच्या पायऱ्या उतरले. वाळू उघडी पडू द्यायची नव्हती.